गोळ्याला जांभळी कड

शंभर भाग धरा. अठ्ठ्याण्णव हायड्रोजनचे, दोन मिथेनचे. तिसऱ्याला जागा नाही.

कपाटात एक शर्ट. आठ वर्षं पिवळट होता. एका मंगळवारी सकाळी पांढरा झाला.

मानेवर चौकोन. पट्टी लावून आखल्यासारखा सरळ, तेवढ्यापुरती कातडी काळवंडलेली.

रबराची काळी रिंग, ताटाच्या काठाएवढी. हातात घेतली तर हलकी.

"गेटच्या आत मॅडम, गेटच्या बाहेर सूनबाई. मला दोन्ही जमतं. तुला जमतं का बघ."

एकोणीस.

*

मास्तरांचा मूळ धंदा काच फुंकण्याचा. विशीत लांब नळीला तोंड लावलं, आणि तेव्हापासून गाल, फुप्फुसं आणि डोळे आगीला वाहून टाकले. प्रयोगशाळेत हिरा वाढवायची भट्टी आली, तेव्हा तिच्यावरचा क्वार्ट्झचा घुमट बाहेरून यायला सहा महिने लागणार होते. मास्तर म्हणाले, "कशाला? मी फुंकतो." नऊ फुटले, दहावा टिकला. मग आपल्या घुमटाखाली काय चालतं ते बघायला म्हणून ते स्टूल घेऊन बसले, ते उठलेच नाहीत.

सून त्याच भट्टीची इंजिनिअर. आधी इंजिनिअर, मग सून. मास्तरांनीच भट्टीच्या खोलीत स्वतःच्या मुलासाठी शब्द टाकला होता. "पोरगा साधा आहे. स्वयंपाक येतो. आणि मी तपासलाय, कुठून गळत नाही." ती हसली होती. हसली म्हणजे अर्धं ठरलंच.

भट्टी म्हणायचं, पण आत आग नाही. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचा हा थोरला भाऊ. घुमटाखालची हवा जवळपास सगळी काढून टाकायची, हायड्रोजन आणि मिथेन सोडायचे, लहरींनी तापवायचे. मग मधोमध, कशालाही न टेकता, संत्र्याएवढा उजेडाचा गोळा उभा राहतो. बाहेरून गुलाबी, पोटात हिरवट. त्याच्याखाली नखाएवढी चकती, लालभडक तापलेली. तिच्यावर हिरा चढतो.

चढतो म्हणजे आपोआप नाही. मिथेन कार्बन आणतो, पण कार्बनला मोकळा सोडला तर त्याला हिरा व्हायचं नसतं. त्याला काजळी व्हायचं असतं. आळशी माणूस उताराला लागतो, तसंच ते. त्याला धाकात ठेवायला हायड्रोजन. हायड्रोजनच्या जोड्या गोळ्यात फुटतात, आणि जोडीतून फुटलेला एकटा अणू फार चावरा असतो. तो चकतीवरच्या दुसऱ्या हायड्रोजनला ओढून नेतो. जागा रिकामी होते. त्या जागेवर कार्बनचा कण येऊन बसतो. नीट बसला तर हिरा, वाकडा बसला तर काजळी. काजळीला तो चावरा लगेच खातो. हिऱ्यालाही खातो, पण सावकाश. दिवसभर मांडायचं आणि दिवसभर पुसायचं. पुसूनही जे उरतं, तेवढा हिरा. तासाला केसाच्या जाडीचा साठावा-सत्तरावा हिस्सा.

तेवढ्यासाठी सहा-सहा दिवस गोळा पेटता ठेवायचा.

*

ऑपरेशनची गोष्ट अशी. आयुष्यभर आगीकडे बघणाऱ्याच्या डोळ्यातलं भिंग लवकर गढूळ होतं. मास्तरांची दोन्ही गढूळ झाली होती. डॉक्टरांनी आधी एक डोळा केला, तीन आठवड्यांनी दुसरा. मास्तर दीड महिना घरी.

त्या दीड महिन्यात सुनेनं तीन कामं केली. भट्टी उघडून साफ केली. घुमटाखालची रबरी रिंग बदलली. आणि जे करायचं तिच्या दोन वर्षं मनात होतं, पण मास्तरांसमोर करायचा धीर होत नव्हता, ते केलं: मिथेन शंभरात एक होता, तो दोन केला.

हिरा दुपटीनं वाढायला लागला.

साहेब स्वतः खोलीत आले. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, जे एरवी फक्त आग लागली तर यायचे. म्हणाले, "कागदावर जेवढं दाखवलं होतं त्यापेक्षा जास्त आलं की हो!" ते खरं होतं. तिच्या हिशेबात दीडपट होती, हाती दुप्पट आली होती. हिशेबापेक्षा जास्त आलं की माणूस तपासत नाही. कमी आलं की तपासतो.

नवी भट्टी येणार होती. ती कुणाकडे जाणार, हे आता सांगायची गरज उरली नव्हती.

*

"हा शर्ट कुणाचा?"

"तुमचाच, बाबा," नवरा चहा गाळत म्हणाला.

"माझा पिवळट होता."

"पांढराच होता."

मास्तरांनी शर्ट खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला. मग भिंतीकडे बघितलं. "आणि भिंती?"

"पांढऱ्या."

"मी आठ वर्षं म्हणतोय, या पोरानं घराला हळदीसारखा रंग का दिला." ते खाली बसले. "म्हणजे घर ठीक होतं. मीच पिवळा होतो."

सून हसली. नवराही. मग मास्तर कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेल्या फोटोसमोर उभे राहिले. सासूबाई, शेवटच्या वर्षातल्या. साडीचा पदर सरकलेला, मानेवर तो चौकोन. किरणांचा उपचार चालू होता तेव्हाचा.

"हिची साडी निळी होती," ते म्हणाले. "मला वाटायचं हिरवी."

चहा गार झाला.

*

कामावर परतले त्या पहिल्या सकाळी मास्तर स्टूल घेऊन भट्टीच्या बाजूला बसले. समोर मोठी खिडकी होती, पिवळसर जाड काचेची. जांभळ्याच्या पलीकडचा उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून. मास्तरांना ती कधी आवडली नाही. त्यांनी बाजूला रुपयाएवढं भोक ठेवून त्यात स्वतः फुंकलेली क्वार्ट्झची टिकली बसवली होती. सगळे तिला मिचका म्हणायचे, कारण तिच्यातून बघायला एक डोळा मिटावा लागे.

मास्तरांनी डोळा मिटला. बराच वेळ बघितलं.

"मॅडम, गोळ्याला जांभळी कड आहे."

ती उठून आली. मिचक्याला डोळा लावला. गुलाबी. हिरवा. बस.

"नाही हो, मास्तर."

"आहे. बारीक आहे, पण आहे. दुधावर साय धरते तशी."

"डॉक्टर म्हणाले होते ना, काही दिवस सगळं निळंजांभळं दिसेल म्हणून."

"शर्ट निळा नाही दिसला. पांढरा दिसला."

ती स्पेक्ट्रोमीटरपाशी गेली. गोळ्याचा उजेड सुटा करून रंगारंगाचे आकडे मांडणारं यंत्र. समोरच्या खिडकीला त्याचं फायबर, उजेड वाहून नेणारी काचेची बारीक दोरी, लावलेलं. पडद्यावर नेहमीच्या रेघा. वावगं काही नाही. गळतीची तपासणी? तीही दर वेळी गोळा पेटवण्याआधी होत होती. हवा काढायची, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दहा मिनिटं काटा बघायचा. काटा हलला नाही तर भांडं घट्ट. काटा हलत नव्हता.

"यंत्र म्हणतंय काही नाही," ती म्हणाली.

"यंत्र म्हणतंय तर नसेल," मास्तर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, "कड आहे."

तिसऱ्या दिवशी. पाचव्या. दहाव्या. वाद घालत नव्हते. हजेरी लावल्यासारखं सांगायचे आणि नोंदवहीत लिहायचे. त्यांच्या बाकदार अक्षरात, तारखेपुढे दोनच शब्द. जांभळी कड. तिच्या आकड्यांच्या शेजारी. वाढ दुप्पट, जांभळी कड. वाढ दुप्पट, जांभळी कड.

खोलीत लोक डोळे मिचकावू लागले.

*

बुधवार. साहेबांनी बोलावलं.

"उद्या तीन चकत्या दवाखान्याला जातायत. तुमची सही लागेल."

"हो, सर."

"चार आधी गेल्यात, त्या त्यांना पसंत पडल्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मास्तरांचं. बघा, माणूस सोन्यासारखा आहे. पण नोंदवहीत नसलेले रंग लिहितोय. उद्या कुणी तपासायला आलं तर आपलं हसं होईल. त्यांना भांडारात बसवू. बाहेरचं कुणी लिहिण्यापेक्षा तुम्ही घरच्या. दोन ओळी लिहून द्या."

चकत्या कशासाठी, ते सांगायला हवं. कर्करोगाच्या दवाखान्यात किरणांचा मारा किती बसतोय ते मोजायला. हिऱ्यावर किरण पडले की त्याच्यात बारीकशी वीज जागी होते, ती मोजायची. हिरा शुद्ध असेल तर माप चोख. त्याच्या पोटात नायट्रोजन शिरला असेल तर वीज खाचांत अडकून राहते, आणि चकती कमी दाखवते. चकती कमी दाखवते म्हणून माणूस किरणं वाढवतो. किरणं खाली झोपलेल्याला लागतात.

आणि नायट्रोजनची दुसरी एक खोड आहे. हवेतून चिमूटभर जरी आत आला, दहा लाखांत पन्नास, तरी हिऱ्याची वाढ झपाट्यानं होते. दुधात थेंबभर विरजण पडावं तसं.

हे तिला माहीत नव्हतं का? परीक्षेत लिहिलं होतं तिनं. या विषयात तिला पैकीच्या पैकी होते.

*

ती टेबलापाशी बसली.

*मास्तरांची प्रकृती लक्षात घेता* (खोडलं. प्रकृतीला काय झालंय? जिना दोन पायऱ्या एकदम चढतात.)

*शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या दृष्टीत दोष* (खोडलं.)

*त्यांना नसलेले रंग दिसतात, त्यामुळे* 

त्यामुळेच्या पुढे पेन अडलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हशा आला.

बाहेर पॉलिशवाली बसायची, चकत्या घासून आरसा करणारी. तोंडानं फटकळ, हातानं हळुवार. चकती पट्टीला चिकटवायला तिच्याकडे एक गोंद होता, तो एका दिव्याखाली वाळायचा. त्या दिव्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही म्हणून तिनं त्याच्या बटणाला लाल फीत बांधली होती: फीत वर, दिवा चालू.

"अहो मास्तर, जादू करता का?" ती म्हणत होती. "मी फीत पाडली, दिवा राहिला चालू. यांना दारातूनच कळलं."

"कळायला काय? भगभगतोय की."

"कुठे भगभगतोय? आम्हाला तर दिसतही नाही तो."

"मग तुमचं ऑपरेशन करा."

पुन्हा हशा. सून दारात येऊन उभी राहिली. पेन हातात तसंच.

"फीत सोडून ठेवा आणि बंद करा," ती पॉलिशवालीला म्हणाली. "मास्तर, पाठ फिरवा. आता... सांगा, चालू की बंद?"

मास्तर वळले. "बंद."

पुन्हा पाठ. पुन्हा वळले. "चालू." "चालू." "बंद." "चालू. आणि तुम्ही मध्ये हात धरलाय."

नऊ वेळा. नऊच्या नऊ बरोबर.

कुणी हसलं नाही आता.

रंगांना आकडे असतात, लहरींच्या लांबीचे. लाल साडेसहाशेच्या आसपास, हिरवा पाचशेच्या वर, जांभळा चारशे. त्याच्याखाली माणसाचा डोळा हात टेकतो, कारण डोळ्यातलं भिंगच तो उजेड अडवतं. म्हातारपणी तर ते पिवळं पडून जास्तच अडवतं. मास्तरांची ती दोन्ही भिंगं काढून नवी बसवली होती.

त्यांना नसलेले रंग दिसत नव्हते. त्यांना असलेले दिसत होते.

कार्बन आणि नायट्रोजन गोळ्यात एकमेकांना भेटले तर उजळतात. कुठल्या आकड्यावर, हेही तिनं परीक्षेत लिहिलं होतं. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

*

स्पेक्ट्रोमीटरचं फायबर समोरच्या खिडकीला होतं. खिडकीला पिवळी काच. पिवळी काच चारशेच्या खालचं काही बाहेर सोडत नाही. मिचक्याचं क्वार्ट्झ सोडतं. यंत्र आंधळं नव्हतं, त्याला चष्मा लावून ठेवला होता. कुणी लावला? ती यायच्या आधीपासून तसाच होता. ती रोज त्याच्याकडे बघत होती.

तिनं स्क्रू सोडवले. फायबर हातानं धरून मिचक्यावर टेकवलं. मास्तरांनी खालून मनगटाला आधार दिला.

पडद्यावर डाव्या कोपऱ्यात, जिथे इतकी वर्षं कोरी पट्टी होती, तिथे एक सुळका उभा राहिला. बारीक, उंच, सरळ.

"हीच," मास्तर पडद्याकडे न बघता मिचक्यातून बघत म्हणाले. "हीच का?"

"हीच."

गोळ्याचा तो चौथा दिवस होता. सहावा व्हायचा होता. मध्येच विझवला तर आतली चकती तडकते, वाया जाते. तिनं विचारलं नाही कुणाला. बटण दाबलं. गोळा एकदम गेला, आणि इतक्या दिवसांनंतर खोलीत नुसत्या पंपाचा आवाज उरला.

"सिलिंडरमधून येत असेल," ती म्हणाली. आशा वाईट असते, शेवटपर्यंत चिवट.

"असेल. दोन्ही वायू बंद कर. हवा काढ. व्हॉल्व्ह बंद कर. आता बघ काटा."

"मास्तर, पेटवण्याआधी बघितला होता. काटा हलत नाही."

"तेव्हा भट्टी गार असते. मी गरम असतानाच बघायचो. झोपलेल्या माणसाला विचारून काय उपयोग, तू कुठे चुकतोस म्हणून?"

काटा हलला. आधी वाटलं भास. मग ठरवून, सावकाश, एक घर. दुसरं घर. दहा मिनिटं लागलीच नाहीत, चौथ्या मिनिटाला ती उठली.

भट्टी निवू दिली. मग मास्तरांनी स्वतःच्या हातानं घुमट उचलला, तान्ह्या मुलाचं डोकं धरावं तसा खालून हात देऊन. रिंग काढली. तळहातावर ठेवली, वरखाली केली.

"हलकी आहे."

"माप तेच आहे. त्याच खणातली आहे."

"माप तेच. रंग तोच. आता दोन्ही काळ्याच येतात. पण उष्णता सोसणारी जड असते, दीडपट. ही साधी. गार असताना चोख बसते. तापली की आतून कडक होते, बघ, इथे." नखानं दाबलं तशी रबराला केसाएवढी चीर दिसली. पापणी किलकिली व्हावी तशी. "खणात कुणीतरी मिसळल्या."

"हातात घेऊन बघायचं असतं, हे तुम्ही सांगितलं का नाहीत? गरम असताना तपासायचं, हे कुठे लिहिलंय? कुठल्या वहीत?" तिचा आवाज चढला. "बत्तीस वर्षं तुम्ही इथे बसलात, बाबा!"

गेटच्या आत ती कधी बाबा म्हणाली नव्हती.

मास्तरांनी रिंग टेबलावर ठेवली. "मला वाटलं, हाताला कळतं ते सांगायचं काय. आणि तू शिकलेली. तुला काय सांगायचं, याची..." ते थांबले. "याची मला भीती वाटायची."

"मला तुमची वाटायची."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "दोघं घाबरत बसलो."

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तू कड दिसत नाही म्हणालीस. खरंच बघत होतीस का?"

पहिल्या दिवशी तिनं बघितलं होतं. नंतर मिचक्याला डोळा लावायची, पण मनात आकडा असायचा, तासाचा, दुपटीचा. आणि चकत्या पांढऱ्या कागदावर ठेवल्या की त्यांना चहाच्या पाण्यासारखी छटा यायची, हे तिनं बघितलं होतं. पॉलिशवालीनंही विचारलं होतं. ती म्हणाली होती, खोलीतला दिवा तसा आहे.

"नाही," ती म्हणाली. "बघत नव्हते."

*

फोन लावायचा होता. साहेबांना आधी सांगायचं की दवाखान्याला, एवढाच प्रश्न होता. साहेबांना आधी सांगितलं तर ते म्हणतील, उद्यापर्यंत थांबू, नीट शब्दांत कळवू. तिला साहेब माहीत होते. वाईट माणूस नव्हता. नीट शब्दांचा माणूस होता.

तिनं दवाखान्याला लावला. किरणं मोजणारा माणूस फोनवर आला. तरुण आवाज, घाईतला.

तिनं सांगितलं. आमच्या चार चकत्या. नायट्रोजन शिरलाय. कमी दाखवतील. वापरू नका. रिंग मी बसवली, तपासली मी.

पलीकडे घाई संपली. "तीन तर डब्यातच आहेत," तो म्हणाला. "एक लावलीय. नऊ दिवस झाले."

"जुन्या मापकाशी ताडून बघितली होती का?"

"पहिल्या दिवशी. जुळली होती." मग म्हणाला, "बराच वेळ किरण खाल्ल्यावर मग जुळली. आम्हाला वाटलं, नवीन आहे म्हणून."

"रात्रभरात खाचा पुन्हा रिकाम्या होतात. रोज सकाळी पहिल्या दोन-तीन पेशंटना..."

"हो," तो म्हणाला. "कळलं मला."

कागद उलटल्याचा आवाज. मोजणं चालू होतं. तिनं विचारलं, आणि विचारताना तिला वाटलं की हे विचारायचा अधिकार नाही, पण न विचारण्याचाही नाही.

"किती जण?"

"थांबा. एकोणीस." मग जरा वेळानं तो म्हणाला, "आकडा मोठा नसेल बहुतेक. शंभरात तीन-चार. डॉक्टरांना सगळ्यांचं पुन्हा बघावं लागेल. कळवतो तुम्हाला." आणि ठेवण्याआधी म्हणाला, "बरं झालं फोन केलात."

बरं झालं, असं तिला वाटलं नाही. फोन ठेवल्यावरही तिचा हात त्याच्यावरच होता.

मास्तर स्टुलावर बसले होते. विझलेल्या भट्टीकडे तोंड करून.

"तिच्या वेळी," ते म्हणाले. कुणाच्या, ते सांगायला लागलं नाही. "तो चौकोन आला, तेव्हा मी विचारलं होतं. इतकं काळं होतं का म्हणून. ते म्हणाले, होतं. असेलही होत. नसेलही. कुणी फोन केला नाही आपल्याला."

"केला असता तर?"

"काही झालं नसतं. ती राहिली नसती." त्यांनी डोळे पुसले. नवे डोळे, अजून पाणी लवकर येत होतं. "पण कळलं असतं, सूनबाई."

गेटच्या आत.

*

साहेब चिडले. मग घाबरले. मग खुर्चीत बसून बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. तिनं दोन कागद समोर ठेवले. पहिल्यावर तीन चकत्या रद्द केल्या होत्या, आतली चौथी तडकलेली, आणि का रद्द केल्या ते क्रमानं लिहिलं होतं, स्वतःच्या नावानिशी.

"नव्या भट्टीचं मग आता..." साहेब म्हणाले.

"हो, सर. कळतं मला."

दुसऱ्या कागदावर त्यांनी मागितलेल्या दोन ओळी होत्या.

*मास्तर भट्टीवरच राहतील. स्पेक्ट्रोमीटरचं फायबर उद्यापासून मिचक्याला लागेल.*

साहेबांनी वाचलं. "मिचका म्हणजे?"

ती सांगायला लागली.

गुरुवारी सकाळी भट्टी गार होती, कुठलीच चकती कुठे गेली नाही. मास्तरांनी खण उपडा केला. एक-एक रिंग उचलून तिच्या तळहातावर ठेवायला लागले. "ही?" "जड." "ही?" "जड... नाही, हलकी." "डोळे मिटून सांग." तिनं डोळे मिटले. दवाखान्यातून फोन आला नव्हता. दुपारपर्यंत आला नाही. पॉलिशवाली दारातून डोकावून गेली. मिथेन पुन्हा शंभरात एक केला. नव्या रिंगेनिशी गोळा पेटला तेव्हा मास्तरांनी एक डोळा मिटला, मग ते बाजूला झाले आणि तिला जागा दिली.

ती मिचक्याला डोळा लावून उभी राहिली. गुलाबी. पोटात हिरवा. तिला जे दिसत होतं तेवढं तिनं वहीत लिहिलं, आणि शेजारची जागा त्यांच्यासाठी कोरी ठेवली.

*

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी टेबलावर दोन भिंगं ठेवली होती, एक भट्टीच्या खिडकीसारखं किंचित पिवळं, एक स्वच्छ. मास्तरांनी सुनेला विचारलं कुठलं घेऊ, आणि ती म्हणाली, स्वच्छ घ्या.